घाटाच्या पायथ्याशीं : भांडवलाचीं तीन गृहीतें

पैसा गुंतविण्याची योजना घेऊन येणारा मनुष्य नेहमींच लबाड असतो असें नाहीं. त्यानें सांगितलेले आंकडे पुष्कळदां खरे असतात आणि त्यानें दिलेलीं उदाहरणें प्रत्यक्ष घडलेलीं असतात. तरीही त्याच्या बोलण्यावर विसंबून पैसा घालणारा गृहस्थ अनेकदां बुडतो. याचें कारण असें कीं, त्या योजनेचा सारा भार एखाद्या अशा विधानावर असतो, जें कोणीच उच्चारलेलें नसतें. "अमुक दरानें नफा होईल" हें वाक्य ऐकूं येतें. "आजची परिस्थिति अशीच टिकली तर" हा त्याचा पूर्वार्ध ऐकूं येत नाहीं. तर्कशास्त्रांत या न उच्चारलेल्या विधानास गृहीत म्हणतात. तें शोधून काढणें, तें खोटें ठरल्यास काय होईल हें पाहणें, आणि तसें झाल्यास नुकसान कोणाच्या पदरीं पडेल हें विचारणें, एवढ्या तीन गोष्टी ज्याला साधल्या त्याला भांडवलाचा अर्धा व्यवहार समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा विचार निव्वळ पुस्तकी राहूं नये म्हणून तो एखाद्या प्रदेशाच्या इतिहासांत पाहणें बरें. त्यासाठीं मुंबईपासून फार दूर जाण्याचें कारण नाहीं. जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्या जिल्ह्यांतील, कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके बोरघाटाच्या पायथ्याशीं वसले आहेत. समुद्रकिनारा त्यांच्या वांट्यास आलेला नाहीं. भातशेती, डोंगरउतारावरील नाचणी-वरी आणि रान हेंच तेथील जुनें धन. परंतु कोंकण आणि देश यांना जोडणारी वाट येथूनच वर चढते. त्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील पाऊणशें वर्षांत तीन मोठ्या भांडवलांची कसोटी या पायथ्याशीं लागली. पहिलें भांडवल रेल्वेचें, दुसरें कापसाचें आणि तिसरें पाण्याचें.

बोरघाटांतून चाकाच्या गाड्या जाऊं शकतील असा रस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां, खुला झाला. त्यानंतर देशावरील कापूस बैलगाड्यांनीं घाट उतरून खोपोलीस येई आणि तेथून पनवेलच्या बंदरांतून मुंबईस जाई. नाना फडणिसांनीं बांधलेलें तळें आणि महादेवाचें देऊळ असलेलें खोपोली हें गांव या वाटेवरील मुक्कामाचें ठिकाण होतें. १८५३ च्या एप्रिल महिन्यांत मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली आणि १८५६ च्या मे महिन्यांत रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोंचले. वरच्या बाजूस खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं तयार झाला. मध्यें घाट तेवढा उरला. तेवढें अंतर उतारूंनीं पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून जावें अशी व्यवस्था होती.

घाटांतील लोहमार्ग हें त्या काळच्या जगांतील अवघड कामांपैकीं एक होतें. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट असा चढ. काम ऐन भरांत असतां ४२,००० मजूर त्यावर राबत होते. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला. त्यानंतर पहिला कंत्राटदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट आपल्या अंगावर घेतलें आणि दोन अनुभवी इंजिनियरांकरवीं तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें हा मार्ग खुला झाला.

या कामाचा पैसा इंग्लंडांतून आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८४९ सालीं जो करार केला, त्यान्वयें रेल्वे कंपनीच्या भांडवलावर ९९ वर्षांच्या मुदतीनें शेंकडा ५ व्याजाची हमी मिळाली. लागणारी जमीन सरकारनें फुकट द्यावयाची होती. उत्पन्न व्याजाइतकें झालें नाहीं तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून द्यावयाची होती. लंडनमधील भागीदारास करण्यांत आलेला युक्तिवाद सरळ होता : "सरकारची हमी आहे; म्हणून या व्यवहारांत जोखीम नाहीं."

या युक्तिवादांतील आंकड्यांत चूक नव्हती. व्याज ठरल्याप्रमाणें मिळालें. दोष होता तो "म्हणून" या शब्दांत. हमीमुळें जोखीम नाहींशी होत नाहीं. ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. या प्रसंगीं ती जमिनीचा सारा भरणाऱ्या कुळवाड्याच्या आणि मिठावर कर देणाऱ्या मजुराच्या खांद्यावर गेली. त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आणि त्यांच्या नांवानें भागाचा एकही कागद नव्हता. घाटांत बोगदे फोडणारा मजूर स्वतःच या हमीचा एक जामीनदार होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याहून सूक्ष्म असा दुसराही दोष त्यांत होता. ज्याला नुकसान होऊंच शकत नाहीं तो खर्चावर नजर ठेवीत नाहीं. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें साक्ष देतांना याच गोष्टीवर बोट ठेविलें. पांच टक्के हमखास मिळत असल्यामुळें आपला पैसा विटा-चुन्यांत गेला कीं हुगळी नदींत फेंकला गेला याचें इंग्रज भांडवलदारास कांहींच वाटत नव्हतें, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. घाटानें याचा पुरावा पूर्वींच दिला होता. मार्ग खुला होऊन चार वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, १८६७ च्या जुलै महिन्यांत, भर पावसाळ्यांत, घाटांतील एक मोठा पूल कोसळला. चौकशी झाली तेव्हां या रेल्वेच्या अनेक पुलांचें दगडी बांधकाम सदोष असल्याचें उघडकीस आलें. पूल पडला, परंतु लंडनमधील भागीदाराचें व्याज चुकलें नाहीं. दुरुस्तीचा भार शेवटीं कोणावर पडला हें सांगण्याची गरज नाहीं. पुढें १८६९ च्या सुमारास सरकारनें स्वतःच रेल्वे बांधण्याचें धोरण स्वीकारलें, आणि १९०० सालीं ही रेल्वे सरकारनें विकत घेतली.

रेल्वे नकोच होती असा याचा अर्थ नव्हे. घाट रुळांनीं जोडल्यामुळें पुण्याचा, सोलापूरचा आणि त्यापलीकडचा प्रदेश बंदराशीं जोडला गेला. योजना उपयुक्त असणें ही एक गोष्ट, आणि तिच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद निर्दोष असणें ही दुसरी गोष्ट. या दोहोंची गल्लत करणें हीच गुंतवणुकीच्या विचारांतील फार जुनी चूक आहे.

घाटांतून पहिली गाडी गेली तेव्हां अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू होऊन दोन वर्षें झालीं होतीं. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखून धरल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांनीं मुंबईकडे तोंड वळविलें. कापसाचा भाव पूर्वीच्या कितीतरी पट चढला. गाद्या-उशांतील कापूस काढून लोकांनीं बाजारांत आणला अशा कथा त्या काळापासून प्रचलित आहेत. युद्धाच्या त्या चार-पांच वर्षांत मुंबईस नेहमींच्या प्राप्तीपेक्षां ७० कोटी रुपयांहून अधिक पैसा आला असा अंदाज आहे. घाटाखालीं बैलांच्या घंटांऐवजीं इंजिनाची शीळ ऐकूं येऊं लागली आणि गासड्यांनीं भरलेले डबे कर्जतवरून मुंबईकडे धांवूं लागले.

इतका पैसा एकाएकीं हातीं आल्यावर तो कोठें घालावा हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर म्हणजे मुंबईचा सुप्रसिद्ध शेअरसट्टा. १८५५ सालीं मुंबईंत दहा विमा कंपन्यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. १८६५ च्या जानेवारींत ३१ बँका, १६ आर्थिक मंडळ्या, ८ जमिनीच्या कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाजांच्या आणि २० विम्याच्या कंपन्या उभ्या होत्या. या साऱ्यांत बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणारी कंपनी शिरोमणि ठरली. सरकारसाठीं राखून ठेवलेले तिचे ४०० भाग सरकारनें न घेतल्यामुळें लिलावास निघाले. ५,००० रुपये भरलेला एक एक भाग सरासरीनें २६,५०० रुपये अधिक देऊन लोकांनीं घेतला. त्या लिलावांत १ कोटी ६ लक्ष रुपयांचा निव्वळ वाढावा जमला. पुढें तोच भाग ५०,००० रुपयांच्या घरांत गेला.

या तेजीमागील युक्तिवाद पायरीपायरीनें मांडून पाहण्यासारखा आहे. लँकेशायरला कापूस हवा, ही पहिली पायरी. अमेरिका तो पाठवूं शकत नाहीं, ही दुसरी. मुंबई तो पाठवूं शकते, ही तिसरी. म्हणून मुंबईंत पैसा येत राहणार, ही चौथी. पैसा आला कीं वस्ती वाढणार आणि वस्ती वाढली कीं जमिनीचे भाव वाढणार, म्हणून समुद्रांतून काढलेली जमीन सोन्याच्या मोलानें विकली जाणार, ही शेवटची. पहिल्या तीन पायऱ्या त्या दिवशीं पूर्ण खऱ्या होत्या. परंतु दुसरी पायरी युद्ध चालू असेपर्यंतच खरी होती, आणि वरच्या साऱ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या होत्या.

येथें एक शंका येते. युद्ध केव्हांतरी संपणार हें मुंबईच्या त्या चतुर व्यापाऱ्यांना कळत नव्हतें काय? तें त्यांना कळत होतें. त्यांचें खरें गृहीत निराळेंच होतें. युद्ध संपण्यापूर्वीं आपण आपला भाग विकून मोकळे होऊं, आणि तो घेणारा दुसरा कोणीतरी भेटेल, असें प्रत्येकानें धरून चालविलें होतें. एकट्यादुकट्याच्या बाबतींत हें खरें होऊं शकतें. सर्वांच्या बाबतींत तें खरें होणें शक्यच नाहीं, कारण सर्वच विकावयास निघाले तर घेणारा उरत नाहीं. एकास साधणारी गोष्ट सर्वांस साधेल असें मानणें हा तर्कदोष आहे, आणि बाजारांतील प्रत्येक तेजीच्या पोटांत तो दडलेला असतो.

दुसरा दोष वर्तुळाचा. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालीं स्थापन झालेली, सरकारचे भाग असलेली प्रतिष्ठित बँक. १८६३ च्या कायद्यानें तिचें भांडवल वाढलें आणि कर्जाच्या तारणाचे नियम ढिले झाले; कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्यास मोकळीक मिळाली. मग असें घडूं लागलें कीं, भागांचा भाव चढला म्हणून त्यावर अधिक कर्ज मिळे. त्या कर्जानें आणखी भाग विकत घेतले जात. त्या खरेदीनें भाव आणखी चढे. आणि चढलेला भाव पुन्हां कर्जास तारण होई. भाव चढला हाच माल चांगला असल्याचा पुरावा, आणि माल चांगला म्हणून भाव चढणार, असा हा न्याय होता. जें सिद्ध करावयाचें तेंच आधाराला घेतलें कीं असें वर्तुळ तयार होतें. बाहेरून तें मोठें भक्कम दिसतें, पण त्याला जमिनीचा टेकू कोठेंच नसतो.

तिसरा दोष साध्या त्रैराशिकानें दिसला असता. घाटाच्या रेल्वेवर मिळणारें पांच टक्के व्याज हें त्या काळीं बरें उत्पन्न समजलें जाई. बॅकबेचा भाग ज्यानें लिलावांत ३१,५०० रुपयांस घेतला, त्याला तेवढेंच व्याज सुटावयाचें तर दरसाल १,५७५ रुपये मिळावयास हवे होते. म्हणजे कंपनीनें भरलेल्या ५,००० रुपयांवर दरवर्षीं शेंकडा साडेएकतीस नफा वांटावयास हवा होता. आणि ज्यानें तो भाग ५०,००० रुपयांस घेतला त्याच्यासाठीं शेंकडा पन्नास. जमीन तर अजून समुद्राखालीं होती. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी या म्हणीचा एवढा मोठा प्रयोग मुंबईंत पूर्वीं झाला नव्हता.

९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली यानें शरणागति पत्करली. ही वार्ता मुंबईस पोंचतांच कापसाचा भाव गडगडला. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं देणें देऊं शकणारे थोडे आणि न देऊं शकणारे फार, अशी अवस्था झाली. बॅकबेचा भाग दोन हजार रुपयांच्याही खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा भाग एके काळीं २,८५० रुपयांवर होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ सालीं ती बँक मोडीत काढावी लागली आणि तिच्या कारभाराची चौकशी करण्यास कमिशन नेमावें लागलें. ज्यांनीं सट्टा केला ते बुडाले, आणि ज्यांनीं केवळ विश्वासानें आपली पुंजी त्यांच्या हवालीं केली होती तेही बुडाले. देशावर तर नुकसानीची झळ दहा वर्षांनीं लागली. कापसाच्या तेजींत शेतकऱ्याची पत वाढली म्हणून सावकारांनीं कर्जें सढळ हातानें दिलीं होतीं; भाव उतरल्यावर कर्ज राहिलें आणि पत गेली. १८७५ सालीं पुणें आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या-खतें जाळण्याचे जे दंगे झाले, त्यांच्या अनेक कारणांत हें एक कारण होतें.

या पडझडींत सांपडलेल्या पेढ्यांपैकीं एक पेढी नसरवानजी टाटा यांची होती. त्यांचे चिरंजीव जमशेटजी हे त्या वेळीं पंचविशीच्या आंतबाहेर होते आणि कापसाच्या हुंड्या घेऊन लंडनमध्यें होते. पाहतां पाहतां त्या हुंड्यांची किंमत रद्दी कागदाइतकी झाली, आणि परक्या शहरांत धनकोंना तोंड देण्याची पाळी त्या तरुणावर आली. गृहीत कोसळतें तेव्हां काय होतें याचें शिक्षण त्यांना असें मिळालें. त्यांच्या हयातीच्या उत्तरार्धांत जी एक योजना त्यांच्या मनांत घोळत होती ती पुन्हां बोरघाटाच्या पायथ्याशीं येते.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा मुंबईजवळ नाहीं. तो बंगालहून किंवा समुद्रापलीकडून आणावा लागे. याच्या उलट लोणावळ्याच्या माथ्यावर दरवर्षीं सरासरीनें दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाटाचा कडा तर सरळ खालापूर तालुक्यांत उतरतो. तें पाणी वर साठवून नळांतून खोपोलीस सोडलें तर त्याच्या जोरावर वीज करतां येईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईच्या इंजिनियरानें पुढें आणली आणि जमशेटजींनीं ती उचलली. कल्पनेचें गणित शाळेंतील मुलासही करतां येईल असें आहे. एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें साडेबासष्ट पौंड. दर सेकंदास एवढें पाणी १,७०० फुटांवरून खालीं आलें तर, घर्षण आणि गळती वजा न धरतां, सुमारें १९० अश्वशक्ति उत्पन्न होते.

ही योजनाही गृहीतांवरच उभी होती, परंतु या खेपेस तीं उच्चारलीं गेलीं. पाऊस सारा चार महिन्यांत पडतो आणि गिरणी बारा महिने चालते. म्हणून पाणी साठविलें पाहिजे. सरासरी पाऊस चांगला असून भागत नाहीं, कारण गिरणी सरासरीवर चालत नाहीं. ज्या वर्षीं पाऊस कमी पडेल त्या वर्षींही ती चालली पाहिजे. त्यासाठीं लोणावळें, वळवण आणि शिरोता असे तीन तलाव योजिले गेले. वीज चाळीस मैलांवरील मुंबईस नेतां आली पाहिजे. त्यासाठीं एक लक्ष व्होल्टच्या दाबाची तार योजिली गेली. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वीज विकत घेणारें गिऱ्हाईक पाहिजे. गिरणीमालकांनीं वाफेचीं यंत्रें आधींच घेतलेलीं होतीं. तारेवरून येणाऱ्या शक्तीवर विसंबण्यास ते प्रथम बिचकले. त्यांचें मन वळवून वीज घेण्याचे करार मिळवावे लागले.

जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले. लंडनमधील भांडवलदारांनीं घातलेल्या अटी मान्य होण्यासारख्या नव्हत्या, तेव्हां त्यांच्या मुलांनीं आणि सहकाऱ्यांनीं १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी हिंदी भांडवलावर उभी केली. संस्थानिकांनीं आणि मुंबईच्या धनिकांनीं तींत पैसा घातला. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसविली, आणि बरोबर चार वर्षांनीं, ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं, लॉर्ड विलिंग्डन यांनीं वीज सुरू केली. येथें ना सरकारी व्याजाची हमी होती, ना चढत्या भावाचा पुरावा. तरीही ही योजना टिकली. तिच्यापाठोपाठ १९१६ सालीं आंध्रा व्हॅली कंपनी निघाली आणि १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें दुसरें वीजघर सुरू झालें. हीं दोन्ही ठिकाणें शंभर वर्षांहून अधिक काळ वीज देत आलीं आहेत.

मात्र यश आलें म्हणून युक्तिवाद सर्वस्वीं बरोबर होता असेंही मानूं नये. १९१४ च्या महायुद्धानें कोळशाची वाहतूक अवघड झाली, तिचा फायदा खोपोलीस मिळाला. तो दैवाचा भाग होता, तर्काचा नव्हे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मोजावयाचें तें सारें मोजूनही या योजनांच्या वहींत एक रकाना जवळजवळ कोराच राहिला. तलावाखालीं जाणाऱ्या गांवांचा तो रकाना होता.

तो कोरेपणा मुळशीस उघड झाला. १९१९ सालीं निघालेल्या टाटा पॉवर कंपनीनें नीला आणि मुळा या नद्यांचें पाणी मुळशीस अडवून तें कुलाबा जिल्ह्यांतील भिरा येथें सोडण्याचें ठरविलें. पाऊस मोजला, उंची मोजली, तारेचें अंतर मोजलें. सुमारें पन्नास गांवांतील दहा हजारांवर मावळे आपल्या जमिनी सोडून जातील हें मात्र गृहीत धरलें. १८९४ चा जमीन-संपादनाचा कायदा हाताशीं असल्यामुळें त्यांना विचारण्याची निकड कोणास भासली नाहीं. १९२१ च्या एप्रिलांत, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें पुढारीपण केलें, वारंवार तुरुंगवास भोगला आणि लोकांकडून सेनापति ही पदवी मिळविली. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालें, १९२७ सालीं भिऱ्याची वीज मुंबईस गेली, आणि मावळ्यांचीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. त्यांना मोबदला देऊं केला गेला हें खरें. परंतु ज्याची जमीन हेंच ज्याचें गांव, देव आणि उद्योग, त्याचें नुकसान रोख रकमेनें भरून येतें हेंही एक गृहीतच होतें.

एकाच घाटाच्या आसऱ्यानें घडलेल्या या तीन कथा शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. रेल्वेच्या युक्तिवादांत जोखीम दुसऱ्यावर ढकलून ती नाहींच असें सांगितलें गेलें. कापसाच्या युक्तिवादांत तात्पुरती परिस्थिति कायमची धरली गेली, आणि चढता भाव हाच त्या भावाचा पुरावा मानला गेला. पाण्याच्या युक्तिवादांत गृहीतें मोजून तपासलीं गेलीं, म्हणून तो टिकला. पण जें मोजतां येत नव्हतें तें हिशेबांतूनच गळलें. आणि नुकसान? पहिल्या वेळीं तें रयतेवर पडलें, दुसऱ्या वेळीं ठेवीदार, भागीदार आणि कर्जदार शेतकऱ्यावर, तिसऱ्या वेळीं मावळांतील कुणब्यावर. युक्तिवाद करणाऱ्यावर तें फार थोड्या वेळां पडलें.

आज कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत चौथें भांडवल उतरलें आहे, आणि तें शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांचें आहे. द्रुतगति महामार्ग खालापुरावरून जातो, लोकलगाड्या कर्जतला आणि खोपोलीला येतात, मुंबईची वस्ती सरकत सरकत घाटाकडे येत आहे. म्हणून येथें जमिनीचा तुकडा किंवा शेतघर घेऊन ठेवावें, भाव चढतच राहणार, असें जाहिरातींत वाचावयास मिळतें. यांतील रस्ता खरा आहे आणि रेल्वेही खरी आहे. परंतु न उच्चारलेलीं वाक्यें किती आहेत तीं मोजून पाहावींत. १९४८ च्या कूळवहिवाटीच्या कायद्यानें शेतकरी नसलेल्या मनुष्यास शेतजमीन विकत घेण्यास सर्वसाधारणपणें मनाई आहे. तेव्हां घेणारा शेतकरी आहे, किंवा जमीन रीतसर बिनशेती झालेली आहे, हें पहिलें गृहीत. माथेरानभोंवतालचा प्रदेश २००३ सालीं पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर झाला असून या दोन्ही तालुक्यांचे कांहीं भाग त्यांत मोडतात. तेव्हां त्या जागीं बांधकामास परवानगी मिळेल, हें दुसरें. उन्हाळ्यांत पाणी आणि पावसाळ्यांत वाट राहील, हें तिसरें. आणि आपणास विकावयाचें असेल त्या दिवशीं अधिक भाव देणारा दुसरा कोणीतरी उभा असेल, हें चौथें. हें चौथें गृहीत श्रोत्यांस ओळखीचें वाटेल. १८६४ सालीं मुंबईच्या बाजारांत याच एका गृहीतावर साऱ्या तेजीची इमारत उभी होती.

म्हणून व्याजाचा दर विचारण्यापूर्वीं योजना मांडणाऱ्यास थोडे निराळे प्रश्न विचारावेत. हें खरें ठरण्यासाठीं आणखी काय काय खरें असावें लागेल? त्यांतील कोणती गोष्ट मोजून पाहिली आहे आणि कोणती नुसती धरून चालविली आहे? ती न घडल्यास पैसा कोणाचा जाईल, आणि त्या माणसास हें ठाऊक आहे काय? उत्तरें कागदावर लिहून घ्यावींत व घरांतील वडीलधाऱ्या माणसांस आणि हिशेब कळणाऱ्या मुलामुलींस वाचून दाखवावींत. ज्या योजनेस हे प्रश्न सोसतात ती कदाचित् मंद गतीची असेल. कर्जतपासून वर जाणारी गाडीही मंदच असते. अनेक गाड्यांस तेथें मागून जादा इंजिनें लावावीं लागतात, आणि चढ किती आहे हें आधीं मोजलेलें असल्यामुळेंच ती सुखरूप माथ्यावर पोंचते.